घाट उतरला की ब्रेक मऊ, दुसऱ्या दिवशी ठणठणीत! नेमकं काय बिघडलंय?

पंचगंगाकाठी (रविवार, रात्री 9:12)

मंडळी, जाणकारांना एक विचारायचं आहे.

गेल्या शनिवारी आम्ही पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन कोल्हापूरहून गगनबावडामार्गे वैभववाडीला निघालो. गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2015 ची, 78 हजार किमी झालेली. कळे, असळज, पार गगनबावड्यापर्यंत काही तक्रार नाही. करूळ घाट उतरायला लागलो तर पुढे भरलेला ट्रक, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर. शेवटच्या टप्प्यात एका वळणावर ब्रेक दाबला आणि पेडल ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यागत आत गेलं. दोन-तीनदा भराभर पंप मारले तेव्हा कुठं गाडी आवरली. खाली पोचून बाजूला घेतली, पाऊण तास चहात काढला. बायको एक शब्द बोलली नाही, म्हणजे किती बोलली ते समजून घ्या.

त्यानंतर ब्रेक पूर्ववत. दोन दिवसांनी फोंडा घाट चढून परत आलो, काहीच त्रास नाही.

आल्यावर गॅरेजात दाखवली. मिस्त्रींनी चाकं फिरवून बघितली, पॅड बघितले ("निम्मे हाईत"), ब्रेक ऑइल बघितलं ("काठोकाठ हाय") आणि निकाल दिला, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) गेलाय, सात हजार लागतील. सिलिंडर गेला असेल तर तो चहा पिऊन बरा कसा झाला, हे मला कळेना. पैसे घालण्याआधी घरच्या घरी काही तपासता येईल का?

बिंदूचौक (रविवार, रात्री 9:20)

भावा, एअर धरलीय. एअर काढून घे, विषय कट.

नुसतीवाचक (रविवार, रात्री 9:31)

वहिनींना साष्टांग नमस्कार. पाच जण सुखरूप आहात ना, मग सात हजारांचं काय घेऊन बसलात!

तर्कट (रविवार, रात्री 10:05)

@बिंदूचौक, एअर असती तर ती घाटाखाली चहा घेऊन गायब झाली नसती. पाइपात हवा शिरली की ती कोणी बाहेर काढेपर्यंत आतच राहते. पेडल सकाळी मऊ, दुपारी मऊ, गावात मऊ, घाटात मऊ. इथे गाडी तापली की मऊ आणि निवली की घट्ट, असा प्रकार आहे. मला तरी यात एकच गोष्ट दिसते, ब्रेक ऑइल उकळलं.

ब्रेक ऑइलला हवेतला ओलावा ओढून घ्यायची खोड असते. डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवीन डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, डॉट 4 चा 230. तेच ऑइल 3.7 टक्के पाणी प्यायलं की डॉट 3 येतं 140 वर आणि डॉट 4 येतं 155 वर. घाटात कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) तापला की हे पाणीदार ऑइल उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून तुमच्या पायाचा जोर पॅडपर्यंत न जाता वाफ चेपण्यात गेला. निवल्यावर वाफेचं पुन्हा द्रव, पेडल पुन्हा घट्ट.

एक आकडेमोड केली. गाडी आणि माणसं मिळून 1400 किलो धरा आणि उतार 400 मीटरचा धरा. सगळा वेग ब्रेकनेच आवरला तर साधारण 55 लाख ज्यूल उष्णता होते. एवढ्यात सुमारे साडेसतरा लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला येईल. ही सगळी उष्णता चार चाकांत, त्यातही जास्त पुढच्या दोन डिस्कमध्ये.

बिंदूचौक (रविवार, रात्री 10:11)

साडेसतरा लिटर म्हणजे आमच्या अख्ख्या घराची आंघोळ की मर्दा.

एसटीचा_माणूस (रविवार, रात्री 10:40)

तीस वर्षं स्टिअरिंगवर काढली, त्यातली बरीच कोकणच्या घाटांत. तर्कट सांगतायत ते खरं, पण त्याआधीचा प्रश्न असा की ऑइल एवढं तापलंच का? पंचगंगाकाठी, गाडी कुठल्या गिअरमध्ये उतरवली? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनला गाडी धरू द्यायची. ब्रेक थोडा जोरात दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, परत दाबायचा. हलका पाय कायम ठेवून देणं सगळ्यात वाईट. पॅड घासत राहतो, डिस्कला निवायला सवडच मिळत नाही.

पंचगंगाकाठी (रविवार, रात्री 10:52)

खोटं कशाला बोलू. तिसऱ्यात होतो, मधे सरळ पट्ट्यात चौथासुद्धा टाकला. आणि ट्रकमुळे पाय हलकाच पण कायम ब्रेकवर.

कोकणी_काकू (रविवार, रात्री 11:03)

चौथ्यात म्हणजे पुण्य केलंत हो! आमच्याकडे सासरेबुवा पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायचे. वर "बघ कशी पळते फुकटात" म्हणायचे. मी मागच्या सीटवर रामरक्षा.

एसटीचा_माणूस (रविवार, रात्री 11:15)

काकू, तुमची रामरक्षाच कामी आली म्हणायची. पेट्रोल गाडीत ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम इंजिनातून मिळतो, बहुतेक डिझेल गाड्यांत त्यासाठी वेगळा पंप असतो आणि तोही इंजिनवरच चालतो. इंजिन बंद केलं की शिल्लक व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब मिळतात, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं ते वेगळंच. शिवाय आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंजिन पेट्रोल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना, जळतंच. म्हणजे फुकटात गिअरमध्येच पळते.

कोकणी_काकू (रविवार, रात्री 11:19)

हे त्यांना वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं कोणीतरी. वाचून दाखवते उद्या.

उद्यमनगरी (सोमवार, सकाळी 7:45)

माझं उद्यमनगरात गॅरेज आहे, त्यामुळे दुसऱ्या मिस्त्रीच्या निदानावर बोलताना जरा जपून बोलतो. पण धाग्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

पॅड निम्मे झिजलेत आणि ऑइल काठोकाठ आहे. हे कसं काय? पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्या मागे ऑइल भरतं आणि डब्यातली पातळी आपसूक खाली जाते. निम्मे पॅड असताना पातळी दोन खुणांच्या मधे हवी. काठोकाठ असेल तर कोणीतरी वरून ओतलंय. म्हणजे खालचं जुनं ऑइल तसंच, वर कपभर नवीन. पातळी उतरली की नुसतं ओतायचं नसतं, आधी पॅड बघायचे, मग गळती बघायची.

घरी करायच्या तपासण्या सांगतो.

इंजिन चालू ठेवून ब्रेकवर एकसारखा जोर देऊन मिनिटभर पाय धरून ठेवा. पेडल हळूहळू जमिनीकडे खचत गेलं आणि बाहेर कुठं गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेलीत. मग मिस्त्री बरोबर. जागेवर राहिलं तर सात हजार खिशात ठेवा.

बूस्टरसाठी इंजिन बंद करून चार-पाच दाब मारा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर चांगला.

आणि तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्यावर, शक्य तेवढा कमी ब्रेक वापरून चालवा. थांबून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, कातडी तिथंच राहील. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथं ब्रेक पूर्ण सुटत नाही. कॅलिपरच्या पिना जाम, पिस्टन अडकलेला, नाहीतर रबरी होज आतून फुगून ऑइल माघारी सोडत नाही. असं चाक घाटाच्या आधीपासूनच तापत आलेलं असतं.

डब्याचं टोपण उघडून ऑइलचा रंगही बघा. नवीन फिकट मधासारखं दिसतं. कॉफी झाली असेल तर वय झालंय. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आपल्याकडे गाडी विकेपर्यंत कोणी बदलत नाही. आणि उघडताना रंगावर सांडू देऊ नका, पेंट उचलतं. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

तर्कट (सोमवार, सकाळी 8:30)

+1. पातळीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही.

साधाभोळा (सोमवार, सकाळी 9:02)

चांगल्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. पावसाळ्यात स्कूटरच्या पुढच्या डिस्कचा किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. धाकट्या भावाने डिस्कला खोबरेल तेल लावलं. आवाज गेला.

ब्रेकही गेला. आता काय करू?

बिंदूचौक (सोमवार, सकाळी 9:04)

भावाला पण जरा लाव, डोस्कं थंड राहील 😂

उद्यमनगरी (सोमवार, सकाळी 9:40)

हसू नका रे, महिन्याला एखादा येतोच. कोणी तेल सोडतो, कोणी चेनचा स्प्रे मारतो. साधाभोळा, गाडी चालवत आणू नका. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून वापरता येईल, पॅड मात्र तेल प्यायलेत, ते नवीनच घाला. घासून, जाळून पॅड सुधारायचे उद्योग करू नका. आणि पावसाळी सकाळी पहिले दोन-चार दाब डिस्क कुरकुरली तर तो रात्रीचा गंज असतो, आपोआप जातो. दिवसभर किंचाळली तर पॅड संपत आल्याची खूण असू शकते. लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखर आवाज आला, तर त्याच दिवशी गाडी लावा.

ट्रॉलीवाला_कागल (सोमवार, दुपारी 1:15)

गाडीवाल्यांचं झालं, आता ट्रॅक्टरचं पण ऐका. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, दोन पेडलं. शेतात एका बाजूचा दाबून जागच्या जागी वळायला सोय. रस्त्यावर आलं की दोन्ही पेडलं खिटीनं जोडायची असतात. सीझनला ऊस भरून कारखान्याला जाताना निम्मी पोरं ती खिटी लावत न्हाईत. एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागच्या दोन ट्रॉल्या सरळ येत्यात. मी स्वतः बांधाला टेकून थांबलोय एकदा. ऊस रस्त्यावर, आणि गावातली पोरं ऊस गोळा करायला माझ्याआधी हजर.

नुसतीवाचक (सोमवार, दुपारी 1:32)

ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक असतात का?

ट्रॉलीवाला_कागल (सोमवार, दुपारी 1:50)

ते नका विचारू ताई. म्हणून सांगतो, रात्री ट्रॉलीच्या बुडाला चिकटून गाडी चालवू नका, आणि ट्रॉलीच्या पुढं घुसून कचकन ब्रेक तर अजिबात मारू नका. आमचा थांबायचा हिशोब येगळा हाय.

रंकाळाफेरी (सोमवार, संध्याकाळी 6:20)

माझा प्रश्न थोडा जवळचा. हायवेला नव्वदच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, गावात नाही. गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकलीय.

फाउंड्रीवाला (सोमवार, संध्याकाळी 7:10)

शिरोलीला कास्टिंगमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे "डिस्क वाकली" ऐकलं की माझी तार हलते. डिस्क असते राखाडी बिडाची. बीड वापरतात कारण त्यातलं ग्रॅफाइट कंप शोषतं आणि उष्णता चांगली वाहून नेतं. बीड पत्र्यासारखं वाकत नाही, जास्तच झालं तर तडकतं. बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा हबवर, म्हणजे डिस्क जिथं बसते त्या भागावर, गंज-माती ठेवून डिस्क बसवल्यामुळे ती किंचित लचकत फिरते. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकही पायाला आणि हाताला कळतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो, तेही एक कारण.

तर्कट (सोमवार, संध्याकाळी 7:25)

तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर? घाट उतरून थेट ओढ्यात गाडी घातल्यावर वाकलेली डिस्क मी डायल गेजवर (बारीक लचक मोजायचं काट्याचं यंत्र) मोजलेली बघितली आहे.

फाउंड्रीवाला (सोमवार, संध्याकाळी 7:41)

डायल गेजने लचक मोजली, कारण नाही मोजलं. हब साफ करून पुन्हा मोजली होती का?

तर्कट (सोमवार, संध्याकाळी 7:44)

नव्हती.

फाउंड्रीवाला (सोमवार, संध्याकाळी 7:50)

मग चहा तुमच्याकडून. 🙂 रंकाळाफेरी, आधी टायर बॅलन्सिंग बघून घ्या. ब्रेक न दाबताही थरथर असेल तर दोष तिकडचा. डिस्क लेथवर घासून मिळते, पण कडेला किंवा हबजवळ किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली जाणार असेल तर नवीनच घ्या.

पंचगंगाकाठी (बुधवार, रात्री 9:30)

उद्यमनगरी, तुमच्या तपासण्या केल्या. पेडल मिनिटभर धरलं, जागेवरून हललं नाही. बूस्टरही तुम्ही सांगितलं तसा बरोबर. ऑइलचा रंग म्हणजे सकाळची उरलेली कॉफी. सर्व्हिसची पुस्तिका शोधली, 2019 नंतर ब्रेक ऑइल बदलल्याची नोंदच नाही. ज्योतिबाच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो, पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट गरम.

उद्यमनगरी (बुधवार, रात्री 9:48)

गाडी कधी पाण्यात उभी होती का?

पंचगंगाकाठी (बुधवार, रात्री 9:55)

अरे हो! 2021 च्या पुरात. मेव्हण्याकडे शाहूपुरीत लावली होती. पाणी चाकाच्या निम्म्याला आलं होतं, इंजिनात गेलं नव्हतं म्हणून आम्ही "वाचलो" म्हणत नारळ फोडला आणि विषय विसरलो.

उद्यमनगरी (बुधवार, रात्री 10:10)

मग पिनाच बघा. पिनांच्या रबरी बुटात पुराची माती शिरली की हळूहळू गंजून जाम होतात. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढू शकत नाही. आतला पॅड घासत राहतो, बाहेरचा तसाच. पॅड तपासताना आतला बघायला सांगा, चाकाच्या जाळीतून दिसतो तो बाहेरचा. पिनांना ब्रेकचं खास ग्रीस लावायला सांगा. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि महिन्यात पुन्हा तेच. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे ड्रम आणि हँडब्रेकची केबल पण उघडून घ्या.

ऑइल बदलताना डबा रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर बिंदूचौक म्हणतो ती एअर खरोखर शिरेल. जुन्या गाडीत एअर काढताना पेडल पार तळापर्यंत दाबू नये. एवढी वर्षं सिलिंडरच्या ज्या भागात रबर गेलंच नाही, तिथला गंज-मळ रबर फाडतो, आणि चांगला मास्टर सिलिंडर आपल्याच हातानं जातो. पायाखाली लाकडी ठोकळा ठेवा. टोपणावर लिहिलेल्याच दर्जाचं ऑइल घाला. डॉट 5 नावाचं सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. डॉट 5.1 वेगळं, नावाला फसू नका.

बिंदूचौक (बुधवार, रात्री 10:12)

बघा, माझी एअर शेवटी आलीच.

पंचगंगाकाठी (दुसऱ्या आठवड्यातला सोमवार, रात्री 8:40)

काम झालं, वृत्तांत देतो. दुसऱ्या गॅरेजात समोर उभा राहून उघडून घेतली. पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड जवळजवळ पत्र्याला टेकला होता, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. पहिल्या मिस्त्रींनी बाहेरचाच बघितला असणार. एक पिन हातोडीने काढावी लागली. दोन्ही बाजूंचे पॅड नवीन, पिना, बूट, चारही चाकांचं ऑइल. मागचे ड्रम साफ करून लायनर सेट केले, हँडब्रेक आता चार टिचक्यांत धरतो, आधी नऊ लागायच्या. सगळं तीन हजारांच्या आत. मास्टर सिलिंडर जुनाच.

काल पुन्हा करूळ उतरलो. दुसरा गिअर, दाबायचं आणि सोडायचं. मागचा एक एसयूव्हीवाला हॉर्न मारून मारून दमला. पेडल खालपर्यंत जसंच्या तसं. बायको याही वेळी काही बोलली नाही, पण वैभववाडीत चहा तिनं स्वतः मागवला.

आता एक शेवटचा प्रश्न. काढलेलं जुनं ऑइल गॅरेजवाल्यानं बाटलीत भरून माझ्याच हातात दिलं. याचं काय करू?

उद्यमनगरी (सोमवार, रात्री 8:58)

गटारात ओतू नका, बाटलीवर नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ज्या गॅरेजात जुनं ऑइल गोळा करायला माणूस येतो तिथं द्या. माझ्याकडे आणलंत तरी चालेल, पण इंजिन ऑइलच्या पिंपात मिसळायचं नाही, वेगळंच ठेवतो.

साधाभोळा (सोमवार, रात्री 9:05)

धाकटा विचारतोय, ते चेनला चालेल का?

उद्यमनगरी (सोमवार, रात्री 9:06)

त्याला माझ्याकडे पाठवा. बाटली न घेता.